डावा हात

९ फेब्रुवारी

मावशी,

आधी बस. बसलीस? चष्मा घातलास? नाहीतर दर वेळेसारखं अर्धं पत्र वाचशील आणि अर्धं अंदाजाने ठरवशील.

मला पाचवा महिना सरत आलाय. आता ओरडून घे. ओरडशील हे माहीत होतं म्हणूनच फोन केला नाही. मागचे दोन तिसऱ्या महिन्यातच गेले. सगळ्यांना आनंदाने सांगायचं आणि मग एकेकाला गाठून ते परत घ्यायचं, हे मला तिसऱ्यांदा जमणार नव्हतं. या वेळी चार महिने तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. सासूबाईंना म्हणे माझ्या चालण्यावरून कळलं. त्या बाईच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ!

आता मुद्द्याचं. मला घरी बाळंत व्हायचंय आणि तुझ्या हातून व्हायचंय.

दुसऱ्या वेळी मला दवाखान्यात नेलं होतं ना, ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. एका लांबलचक बोळात चाकांच्या खाटेवर मला साडेतीन तास ठेवलं होतं. नवऱ्याला दाराबाहेर थांबवलं. जो तो जाता-येता पायाशी अडकवलेला कागद वाचायचा, माझ्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही. मी दिसेल त्याला विचारत होते, "आहे का हो अजून?" एकाने तरी उत्तर द्यावं! सगळं आटोपल्यावर एक बाई आली आणि म्हणाली, "आता उठून बसलात तरी चालेल."

त्या बोळात मी परत जाणार नाही. मेले तरी नाही. मला माझ्या खोलीत, माझ्या माणसांत बाळंत होऊ दे. खाली नवऱ्याचं पुस्तकं बांधायचं दुकान, वर मी आणि माझं शिलाई मशीन, दोन खोल्यांचा तर कारभार. पण जागा आपली आहे. मला जगात तूच आणलंस. आई सांगायची, तू मला उलटी धरून अशी चापटी दिलीस की मी अजून गरगर फिरतेच आहे. आता आई नाही. तू आहेस. नाही म्हणायचं नाही.

तुझी भिंगरी

*

२० फेब्रुवारी

भिंगरे,

चष्मा घातला होता. पत्र दोनदा वाचलं आणि ओरडलेसुद्धा. शेजारीण धावत आली काय झालं बघायला. तिला सांगितलं, आनंदाने ओरडतेय. तिला काही ते पटलं नाही.

बोळाचं वाचून जीव कळवळला. मला तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर तिथे येऊन त्या खाटेसकट तुला ओढून घरी आणलं असतं.

आता माझं ऐक. मी एकसष्ट वर्षांची. गुडघे कुरकुरतात, पण हात आणि कान ठणठणीत आहेत, काळजी नको. अडचण वेगळीच आहे. नात्यातल्या बाईचं बाळंतपण करायला मी होता होईल तो नाही म्हणते. परक्या बाईला दरडावता येतं, तिच्या सासूला खोलीबाहेर काढता येतं. आपल्या घरात शिरलं की आपण सुईण राहत नाही, मावशी होऊन बसतो. तुझ्या आईच्या वेळी मी तरुण होते, उद्धट होते, म्हणून निभावलं.

तरी येईन. तू मला नाही म्हणायची सोय ठेवलीस कुठे? पण मी सांगेन तसं झालं पाहिजे. दवाखाना किती मिनिटांवर आहे ते नवऱ्याला प्रत्यक्ष जाऊन बघायला सांग, आणि एक गाडीवाला बांधून ठेवा. मी "चला" म्हटलं की निघायचं, तेव्हा बोळ-बिळ ऐकून घेणार नाही. खोलीत गर्दी नको. सासूबाई असू देत. नवऱ्याला शेवटी शेवटी बोलवू. पुरुष सकाळपासून आत घेतला की येरझाऱ्या घालून सगळ्यांना दमवतो. आणि एक लक्षात ठेव, तुझा डावा हात माझा. तो कुणाला द्यायचा नाही. उजवा हव्या त्या माणसाला दे, पण नळीने पोटातले ठोके ऐकताना माझी दोन बोटं बाईच्या डाव्या मनगटावर असतात. नळीतून ऐकू येतं आणि बोटांना लागतं, ते दोन्ही मिळून मला काय ते कळतं. पहिल्या दिवसापासून माझी हीच पद्धत आहे.

जड उचलू नकोस. मशीन पायाने चालवतेस ते आता पुरे.

मावशी

*

२८ मे

मावशी,

मशीन पुरे केलं. खोटं बोलतेय, चार उशांचे अभ्रे राहिलेत, तेवढे करून पुरे करते.

दवाखाना वीस मिनिटांवर आहे. नवरा दोनदा जाऊन आला, एकदा गाडीने आणि एकदा सायकलने. सायकलने कशाला, असं विचारू नकोस, मी विचारलं तर तो चाकात हवा भरायला खाली पळाला. गाडीवाला समोरच राहतो. खाट खिडकीजवळून हलवून मधोमध घेतली, म्हणजे तुला दोन्ही बाजूंनी फिरता येईल. धुतलेल्या चादरी वेगळ्या बांधून ठेवल्यात. खालून सरसाचा वास येतो म्हणून नवऱ्याने आठवडाभर सरस शिजवायचाच नाही असं ठरवलंय. गिऱ्हाइकं चिडलीत.

आणि ऐक, सासूबाई! आधी म्हणायच्या, "हे काय भलतंच खूळ, घरी?" काल स्वतः येऊन खाटेवर बसल्या, गादी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "मी उशाशी बसेन. उजवीकडे." सहा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या खाटेवर बसल्या. मी चादरीची घडी घालत राहिले, बोलले असते तर रडले असते.

म्हणजे उजवा हात त्यांचा, डावा तुझा. नवऱ्याला तसं सांगून ठेवलंय, तर म्हणतो, "मग मला काय पाय देता का?"

पोटात इतका धुमाकूळ चाललाय की ताट पोटावर ठेवलं तर हलतं. आठ तारखेच्या गाडीने ये. वाट बघतेय असं मुद्दामच लिहीत नाही.

भिंगरी

*

२२ जुलै

मावशी,

सव्वा महिना झाला. तू गेल्यापासून रोज कागद घेते आणि ठेवून देते. फोनवर तुझा आवाज आला की मला शब्द फुटत नाही, म्हणून चारदा ठेवून दिला. तो मीच होते.

दूध आटलं. पहिले दोन आठवडे येत होतं. अंगाला कुणी कळवलंच नव्हतं ना.

घरात कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. सासूबाई "ते" म्हणतात, "ते झाल्यापासून". मुलगी होती. केस होते तिला, ओले, कपाळावर चिकटलेले. तू तिला छातीशी धरून, तिच्या तोंडात फुंकर घालत खोलीभर फिरत होतीस आणि मी विचारत होते, "रडत का नाही?" मग गाडी, मग दवाखाना, मग तोच बोळ. शेवटी तिथेच नेऊन टाकलं मला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तुला न सांगता मला जगता येईना.

त्या दिवशी दुपारी, नवरा वर आल्यानंतर थोड्या वेळाने, मला वाटलं की आत काही हलत नाहीये. कळा येत होत्या, पण कळांच्या मधे सकाळपर्यंत लाथा मारणारी ती थांबली होती. एकदम शांत. मला कळलं, मावशी. आणि मी बोलले नाही. बोलले असते तर तू "चला" म्हणाली असतीस. मला बोळ दिसला. तेवढ्यात तू नळी लावून म्हणालीस, "छान चाललंय, ठोके अगदी स्वच्छ." मी स्वतःला म्हटलं, बघ, भास होता. पण भास नव्हता. मी भित्री, म्हणून गप्प बसले, आणि ती गेली.

मी तिला मारलं का? खरं सांग. माझी समजूत घालू नकोस, ती घालायला इथे दोन माणसं आहेत.

भिंगरी

*

५ ऑगस्ट

भिंगरे,

असं मनात आणू नकोस. शेवटी शेवटी जागा उरत नाही, मूल हालचाल कमीच करतं. कितीतरी बायकांना तसं वाटतं. कधी कधी काही कारण नसताना मूल जातं, माझ्या हयातीत मी ते पाहिलंय. तुझं काही चुकलं नाही.

वेळेवर जेव. थोडं थोडं शिवायला बस, हाताला काम लागलं की डोकं गप्प बसतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

गुडघ्यांनी उचल खाल्लीय, जास्त लिहवत नाही.

मावशी

*

१९ ऑगस्ट

मावशी,

असलं पत्र तू कधी लिहीत नाहीस. ना शिवी, ना ओरडा. कुणी दुसऱ्याने लिहून तुझी सही घेतल्यासारखं वाटलं.

परवा नवऱ्याचं आणि माझं भांडण झालं. मी त्याला म्हणाले, मला सोड, दुसरी बघ, तुझं घर भरू दे. तो म्हणाला, वेड लागलंय का. मग मी त्याला तेच सांगितलं जे तुला लिहिलं होतं. मी गप्प बसले म्हणून ती गेली, असं म्हणाले. तेव्हा त्याच्या तोंडून निघालं. दवाखान्यात डॉक्टरीण त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, मूल जन्माला यायच्या तीन-साडेतीन तास आधीच गेलेलं होतं. त्याने हे दोन महिने पोटात ठेवलं होतं, मला त्रास नको म्हणून.

ती जन्मली पावणेपाचला. म्हणजे गेली सव्वा-दीडच्या सुमारास.

मग तू दोन वाजता काय ऐकलंस? तीनला काय ऐकलंस? तू ठोके सांगत होतीस आणि पुठ्ठ्यावर लिहीत होतीस, तो पुठ्ठा अजून आहे. सकाळी आठला एकशे चव्वेचाळीस. दहाला एकशे चाळीस. बाराला एकशे अडतीस. एकला एकशे अठरा. मग एकशे वीस, एकशे चोवीस, एकशे सव्वीस. शेवटपर्यंत आहेत, मावशी. मेलेल्या मुलीचे ठोके?

मी खूप विचार केला. मला वाटतं, तुला तेव्हाच कळलं होतं. ती गेली हे कळल्यावर तू मला घाबरवू नये म्हणून मनाने आकडे सांगत राहिलीस, म्हणजे निदान मी निवांतपणे मोकळी होईन. तसं असेल तर मी रागावणार नाही. पण मला ते कळलं पाहिजे. आणि तसं नसेल, तर डॉक्टरीण चुकली, आणि ती माझ्या जोर लावण्यातच गेली. यातलं काय ते तूच सांगू शकतेस. मला रात्र आणि दिवस यातला फरक कळेनासा झालाय.

भिंगरी

*

३० ऑगस्ट

भिंगरे,

तू मला माझ्या लायकीपेक्षा फार चांगली समजतेस. तुझं पत्र वाचलं आणि एक क्षण वाटलं, हो म्हणावं. तू लिहिलंस तसंच झालं म्हणावं. तू मला मोठी करून सोडलं असतंस.

डॉक्टरीण चुकली नाही. मी आकडे बनवलेही नाहीत. मी जे ऐकलं तेच सांगितलं. ते ठोके तुझे होते.

नीट समजावून सांगते, कारण तुला ते समजायलाच हवं. बाईच्या पोटात मोठी रक्तवाहिनी असते, तिचा ठोका नळीतून ऐकू येतो. कळा सोसताना बाईचं काळीज इतकं पळतं की बाळाचंच वाटावं. म्हणून मनगट धरायचं. नळीतला ठोका आणि मनगटातला ठोका वेगवेगळे पडले की आत बाळ आहे. दोन्ही एकदम पडले की तू आईलाच ऐकतेयस, बाळ शोध. हे मला शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी पुढे किती पोरींना शिकवलं. मनगट न धरता ऐकलं म्हणून एकीला मी भर बाळंतपणातून घरी पाठवली होती, रडत गेली बिचारी.

सकाळी तिन्ही वेळा माझी बोटं तुझ्या मनगटावर होती. ते आकडे तिचे. साडेबाराला तू नवऱ्याला हाक मारलीस. तो हात पुसत वर आला. उजवीकडे सासूबाई बसल्या होत्या, म्हणून तो डावीकडे बसला आणि त्याने तुझा डावा हात दोन्ही हातांत घेतला. मी नळी घेऊन वाकले. "हात सोडा" एवढंच म्हणायचं होतं. हे मी आजवर कुणाकुणाला सांगितलंय! एका न्यायाधीशाला सांगितलंय, त्याने चटका बसल्यासारखा सोडला होता.

तुमच्याकडे बघितलं. सासूबाई तुझ्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या. नवरा काहीतरी पुटपुटला आणि तू हसलीस. भर कळांत हसलीस. मला वाटलं, माझी बहीण असती तर तिने हे डोळे भरून पाहिलं असतं. राहू दे, म्हटलं. एकदा नाही धरलं मनगट तर काय होतंय. पुढच्या वेळी पुन्हा राहू दे म्हटलं. आकडा बरा येत होता, थोडा उतरलाय तर बाळ निजलं असेल म्हटलं. तिसऱ्या वेळी तर बोटांची आठवणही झाली नाही.

तुला कळलं होतं ते खरं होतं. आत हलत नव्हतं. तू तोंड उघडलं असतंस तरी मी "ठोके स्वच्छ आहेत" म्हणून तुला गप्प केलं असतं. म्हणजे तुझ्या गप्प बसण्याने काहीही झालेलं नाही. हे वाक्य परत वाच. रोज वाच.

ती वाचली असती का? माहीत नाही. मी नाळ बघितली. गाठ नव्हती, गळ्याला वेढा नव्हता, मला कारण सापडलं नाही. पण एकला कळलं असतं तर वीस मिनिटांत तू दवाखान्यात असतीस, आणि तिला एक संधी मिळाली असती. ती माझ्यामुळे मिळाली नाही. मागचं पत्र लिहिताना हे सगळं मला माहीत होतं. तू स्वतःला मारेकरीण म्हणत होतीस आणि मी तुला गुडघ्यांचं सांगितलं. मला त्याची जास्त लाज वाटते.

नळी कपाटात ठेवलीय. तिकडून आल्यापासून एकाही घरी गेले नाही. मला क्षमा कर असं लिहीत नाही, तेवढं तोंड नाही मला.

मावशी

*

१६ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र मला उघडलेलंच मिळालं. पोस्टमन खाली दुकानात देतो. हल्ली नवरा माझी पत्रं आधी वाचून बघतो, मला लागेलसं काही असेल तर वेळ बघून द्यावं म्हणून. तसा चांगला आहे तो.

तो वर आला, पत्र मशीनवर ठेवलं आणि म्हणाला, "तू मला सांगून ठेवलं होतंस. डावा हात मावशींचा. मी विसरलो." एवढंच म्हणाला आणि खाली गेला.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचल्यावर अर्धा तास मला हलकं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. अर्धा तास मी कुणाला मारलेलं नव्हतं. तुझा रागसुद्धा आला नाही, तो आत्ता येतोय. मग मी खाली गेले. तो एका पुस्तकाचं पान धरून बसला होता, शिवत नव्हता, काही करत नव्हता. मी म्हटलं, "अरे, हात मी तरी कुठे सोडवला? मलाही माहीत होतंच की." तो म्हणाला, "तू कळा देत होतीस. मी नुसताच बसलो होतो."

त्या दिवसापासून तो मला हात लावत नाही. रागाने नाही, मावशी, घाबरून. माझ्या हातून ताट घेत नाही. खाली ठेव म्हणतो, मग उचलतो. मी जिन्यात घसरले तर धरायला पुढे आला आणि मधेच थांबला. मीच कठडा धरला. सासूबाईंना काही माहीत नाही, त्या विचारतात, तुमचं काय बिनसलंय? काय सांगू? त्यांना सांगितलं तर त्या म्हणतील, मी उजवीकडून उठले असते तर. मग त्याही बसतील अशाच.

तू खरं लिहिलंस, बरं केलंस, मी मागितलं होतं. पण तो डावीकडे बसला, त्याने हात धरला, हे एवढं नसतं लिहिलंस तर? "मी मनगट धरायला विसरले" एवढं पुरलं असतं. तुला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. तू मोकळी झालीस का? इथे तर कुणी झालं नाही.

आता माझं एक काम कर. त्याला पत्र लिही. त्याला लिही की तू मनगट धरलं असतंस तरी ती वाचणार नव्हती. नाळेचं लिही, गाठीचं लिही, तुला जे खरं वाटेलसं लिहिता येईल ते लिही. तुझ्या शब्दावर त्याचा विश्वास बसेल. खोटं आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्याला नको. माझी मुलगी गेली, आता नवरा माझ्यादेखत जातोय, आणि तो घरातच आहे.

भिंगरी

*

२५ सप्टेंबर

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

भिंगरीला लिहिलेलं माझं पत्र तुम्ही वाचलंत असं कळलं. त्यात नाळेला गाठ नव्हती असं मी लिहिलं ते खोटं होतं, खरं तिला सोसवलं नसतं. तुम्ही घरचे कर्ते आहात, तुम्हाला सांगते. तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बाळाच्या नाळेला घट्ट गाठ होती. अशी गाठ एकदा आवळली की काही मिनिटांत सगळं आटोपतं. घरी काय, दवाखान्यात काय, जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. मी मनगट धरलं असतं तर आपल्याला ते तीन तास आधी कळलं असतं, एवढाच काय तो फरक. मूल वाचलं नसतं. तुम्ही तिचा हात धरलात त्याने काही झालं नाही. उलट तिला त्याचा आधार होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चूक माझ्या कामातली आहे आणि ती माझ्यापाशीच राहू द्या.

तिला सांभाळा. स्वतःला सांभाळा.

मावशी

*

१० ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र पोचलं. त्याने माझ्यासमोरच वाचलं, खिडकीशी उभं राहून. मग मला विचारलं, "नाळेला गाठ होती?"

मी म्हटलं, "हो. दवाखान्यातही म्हणत होते."

त्याने पत्र परत एकदा वाचलं. मग म्हणाला, "असेल. मी घाईत होतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिथे पडले होते आणि तू तिला धरून उभी होतीस, आपण दोघीही विसरलो. नाळ त्याने कापली होती, मावशी. तू त्याला कात्री दिलीस आणि म्हणालीस, "इथे, पटकन." कापायच्या आधी त्याने ती दोन्ही हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ करून धरली होती.

त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली कामाला गेला. जाताना मला म्हणाला, मावशींना कळव, पत्र वाचून मला फार बरं वाटलं.

तसं कळवते.

भिंगरी